मोरचूद नव्हे

२ मार्च, रवि.
दादाचे फोनवर फोन, म्हणून आज गावी जाऊन आले. फुलसावंगीपर्यंत एसटी, पुढे त्याच्या मोटारसायकलवर. फोनवर काही सांगेना. ‘ये, मंग पाहू’ एवढंच. मला वाटलं वहिनीचं दुखणं उचललं. तर विहीर. वस्तीची नवी सार्वजनिक विहीर, जिच्यासाठी दादाने पंचायत समितीत इतकी वर्षं चपला झिजवल्या. आता कुठे काळ्या दगडापर्यंत गेली, आणि परवाच्या सुरुंगात दगडातून निळं काहीतरी निघालं. काम बंद. खोदणारे वर बिड्या ओढत बसलेले, खाली उतरायला तयार नाहीत.

वहिनीने एक तुकडा पिशवीत गाठ मारून आढ्याला टांगून ठेवला होता, पोरांचा हात लागू नये म्हणून.

‘मोरचूद हाये, ताई. कोनंतरी टाकलं. आपल्या वस्तीले पानी लागून राह्यलं, हे पाह्यवत नाही लोकायले.’

तिला वेडी म्हणायचं धाडस माझं नाही. टाकीचा नळ आमच्याकडे सगळ्यात शेवटी सुटतो आणि सगळ्यात आधी बंद होतो, ते माझ्या लहानपणापासून. शिवाय मोरचूद इथे सगळ्यांना ठाऊक. संत्र्याच्या बुंध्याला चुन्यात कालवून लावतात. निळं म्हटलं की मोरचूद, आणि मोरचूद म्हटलं की विष.

पिशवी सोडली. पांढऱ्या स्फटिकांच्या थरावर निळ्या गोळ्या. भिंग लावलं. गोळ्या नाहीत, सुया. बारीक, मधून बाहेर पसरलेल्या, शेवंती उमलावी तशा. पुस्तकाबाहेर हे एकदाच पाहिलंय, पुण्याकडच्या खाणीतलं, काचेच्या कपाटात, तेही कुलपाआड.

पण दादाला त्याचं काही नव्हतं. ‘बेबे, विष हाये का नाही, तेवढं सांग.’

दोन बरण्या मागवल्या. एकीत वहिनीच्या घरातला मोरचुदाचा खडा, दुसरीत हा तुकडा. वस्ती गोळा झाली. मोरचुदाचं पाणी बघता बघता निळं होत गेलं. दुसऱ्या बरणीत पाणी पाण्यासारखं. निघेपर्यंत तसंच. म्हटलं, हा दगड आहे, दगड कुठे विरघळतो. म्हाताऱ्या झुंबराबाईने बरणी उन्हात धरून पाहिली आणि मान हलवली. दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहून मला फार बरं वाटलं. एवढं शिकून घरच्यांच्या उपयोगी पडल्याचा माझा हा पहिलाच प्रसंग असावा.

३ मार्च
वहिनीचा फोन. ‘दुसरी बरनी अजून तशीच हाये ताई, सफेद.’ खोदणारे खाली उतरले.

५ मार्च
कॉलेज. बी.एस्सी.च्या भूशास्त्राच्या वर्गात नेहमीची मोजकी पोरं. विषय पुढच्या वर्षी राहील का, हे एच.ओ.डीं.नाही माहीत नाही. मी तर तासिकेवर. विषय गेला की मी गेले.

मधल्या सुट्टीत दार लावून तुकडा काढला. नखाने ओरखडा नाही, चाकूने पडतो. चिनीमातीवर ओढला तर निळसर पांढरी रेघ. आम्लाचा थेंब टाकला, बुडबुडा नाही. खालचं पांढरं स्टिल्बाइट, त्याबद्दल शंका नाही. निळ्याबद्दलही मला शंका नाही, पण माझ्या शंका नसण्याला कोण विचारतो. एक कण माझ्या एम.एस्सी.च्या सरांकडे नागपूरला पाठवला. निवृत्त झालेत, पण लॅबमध्ये अजून त्यांचा शब्द चालतो.

१२ मार्च
सरांचा फोन. निळं ते कॅव्हन्साइटच. क्ष-किरणांच्या तपासणीत स्वच्छ आलं.

‘अगं, त्या भागातून कुणी नोंदवलेलं नाही. जर्नलला छोटी नोट लिहू. नाव तुझं पहिलं टाक.’

रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव कशावरच पहिलं नव्हतं. घरी येऊन एकटीने चहा केला आणि साखर जास्त घातली.

१६ मार्च, रवि.
गावी. क्रेनच्या पाळण्यात बसून खाली उतरले, दादा वरून ओरडत होता, ‘घट्ट धर व.’ तळाशी गारवा. भिंतीत जागोजाग पोकळ्या, काही मुठीएवढ्या, काहींत डोकं जाईल एवढ्या. आत पांढऱ्या स्फटिकांची दाटी, त्यावर तो निळा. टॉर्चच्या उजेडात इतका निळा की डोळ्यांना खरा वाटेना. आणि पाणी त्याच थरातून. पोकळ्यांच्या बाजूने बोटभर झरा सुटलाय, टिकून आहे. वरच्या दगडात पोकळी नाही, पाणीही नाही. म्हणजे जिथे निळं तिथेच पाणी. खालीच उभी राहून हसले.

वर आले तर वार्ताहर. दादानेच बोलावलेला, उमरखेडचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. चांगला मुलगा. वहीत सगळं लिहून घेत होता. त्याने दगडाचं नाव विचारलं, मी वर्गात सांगते तसं फोड करून सांगितलं. कॅल्शियमचा कॅ, व्हॅनेडियमचा व्हॅन, सिलिकेटचा सि. तीन जिन्नस जोडून नाव केलंय, दुसरं काही नाही.

‘व्हॅनेडियम म्हणजे काय, मॅडम?’
‘धातू. पोलादात घालतात.’
‘खाल्ला तर?’
‘धातू कशाला खायचा? खाल्ला तर विषच तो.’

तो हसला, मी हसले, दादाही हसला. दादा म्हणाला, जयंतीच्या दिवशी सगळ्या वस्तीला याच विहिरीचं पाणी. बाहेरच्या पाहुण्यांनाही. ‘आपल्या विहिरीचं मून सांगू.’

१९ मार्च
कात्रण व्हॉट्सॲपवर आलं. माझ्या आधी कॉलेजच्या शिपायाने वाचलं होतं.

‘सार्वजनिक विहिरीत दुर्मिळ निळा दगड, पाण्यात विषारी धातू?’

प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हाच्या आड तो मुलगा बिनधास्त उभा आहे. खाली माझं नाव, शिक्षण, कॉलेज, सगळं बरोबर. ‘या दगडाच्या नावातच व्हॅनेडियम हा विषारी धातू असल्याचे त्यांनी सांगितले.’ खोटं एक अक्षर नाही. मला कुणावर खटलाही भरता येणार नाही.

दादाला फोन केला. उचलला नाही.

२१ मार्च
उचलला. काम थांबवलंय. पंचायत समितीच्या इंजिनिअर साहेबांचं लेखी आलं, पाण्याची तपासणी होईपर्यंत वापर नको, बांधकामही नको. मी म्हटलं, अरे, तू त्यांना सांग ना, हा दगड विरघळत नाही, आपण बरणीत टाकून...

‘ते मोरचुदाचं होतं, बेबे. मोरचूद नाही हे लोकायले समजलं. आता तू दुसरंच नाव सांगतलं. त्याले कोनती बरनी आनू?’

खरंच, त्याला कोणती बरणी?

२४ मार्च
सकाळपासून डोक्यात तेच. मोरचूद असतं तर बरं झालं असतं. ती निदान घरातली वस्तू, तिची परीक्षा वहिनीच्या बरणीत होते. चुकीचं नाव मी एका दुपारी पुसलं. बरोबर नाव दिलं आणि ते आता जात नाही.

व्हॅनेडियम या सगळ्या काळ्या दगडात थोडंथोडं असतंच. ज्या विहिरीचं पाणी पिऊन इंजिनिअर साहेब मोठे झाले तिच्यातही असेल. मग बुजवा जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी. पण हे मी कुणाला सांगितलं तर उद्या छापून येईल, जिल्ह्यातल्या सर्व विहिरी विषारी.

३० मार्च, रवि.
पाडवा. गावी जायची हिंमत झाली नाही. वहिनी फोनवर नेहमीसारखी बोलली, गोड काय केलं ते सांगितलं. मग हळूच, ‘लोक भांडे घासाले बी नेत नाही हो. झुंबराबाईच्या नातवाले हगवन लागली, तर विहिरीचं नाव. त्यानं तं विहीर पाह्यली बी नाही.’

फवारणीत विष भिनलेली माणसं त्या वस्तीने पाहिलीत. शेवंताबाईचा नवरा अजून भिंत धरून चालतो. विष हा शब्द तिथे कुणी गमतीने वापरत नाही. मी वापरला. मी त्याच वस्तीतली, आणि शहरात राहून मला त्या शब्दाचं वजन आठवलं नाही. स्वतःची लाज वाटते.

३ एप्रिल
सरांनी नोटचा मसुदा पाठवला. सुंदर लिहिलाय. गावाचं नाव, विहिरीची खोली, थर, पोकळ्या, निळ्याचा रंग, सगळं नेमकं. शेवटी एक वाक्य: या ठिकाणच्या भूजलातील व्हॅनेडियमचा अभ्यास होणे अगत्याचे. सरांचं बरोबर आहे. विज्ञान असंच लिहितात. मी लॅपटॉप मिटला.

नंतर फोन करून विचारलं, सर, पाणी तपासता येईल का तुमच्याकडे? म्हणाले, येईल की, पाठव. पण पाण्याचं यंत्र बंद पडलंय, सुटा भाग बाहेरून यायचाय. तरी पाठव, लागलं की लावू.

६ एप्रिल, रवि.
बाटली भरायला गेले. दादा घरात होता, बाहेर आला नाही. तळ दिसत नाही आता, पाणी निळ्याच्या वर चढलंय. वापर नाही, मग काय. एवढं पाणी नुसतं उभं. दोर लावून बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली.

चार पोरं कठड्यावरून वाकून बघत होती. वहिनीने हाका मारून त्यांना मागे घेतलं. माझ्याकडेही पाहिलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. गेले. न जाऊन कसं चालेल.

पाण्याचा टँकर मागवला होता, वर्गणीतून. निळे झेंडे, निळ्या पताका, बायकांच्या पांढऱ्या साड्या, सगळं दरवर्षीसारखं. टँकरपुढे रांग. दादा रांग लावत होता. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, तुमची विहीर होणार होती ना. दादा म्हणाला, ‘हो. चालू हाये काम.’ आवाजात काही नव्हतं. मी टँकरच्या मागे जाऊन उभी राहिले. रडायला आलं नाही, ते जास्त वाईट.

२२ एप्रिल
सरकारी तपासणीचा कागद आला. वहिनीने फोटो पाठवला. फ्लोराइड ठीक, नायट्रेट ठीक, क्षार ठीक, जंतू नाहीत. आपल्या भागात फ्लोराइड ठीक येणं म्हणजे लॉटरी. शेवटी शेरा: ‘व्हॅनेडियम तपासणीची सोय उपलब्ध नाही. सबब अभिप्राय देता येत नाही.’

२५ एप्रिल
रजा टाकून पाणी तपासणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई भल्या होत्या, चहा मागवला.

‘मॅडम, आमच्या यादीत व्हॅनेडियम नाहीच. कुठल्याच विहिरीचं आम्ही ते बघत नाही.’
‘मग याच विहिरीवर शेरा का?’
‘पेपरात आलं ना. तुमचंच नाव आहे त्यात.’

मी म्हटलं, दगडात आहे, पाण्यात नाही. त्या म्हणाल्या, पाण्यात नाही हे तुम्ही लिहून देऊ शकता? दगड मी तपासला. पाणी मी तपासलेलं नाही. उतरत नसणार, अशी माझी खात्री आहे. नसणार. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

२७ एप्रिल, रवि.
दादा स्वतः यवतमाळला आला. खोलीत आला तो पंख्याखाली उभाच. बस म्हटलं तरी बसेना.

‘बेबे, तू असं कर. लिहून दे का मी चुकली मून. तो दगड तो नाहीच. साधा गोटा हाये, रंग लागला मून निळा दिसते. तुह्यं नाव पाहून बंद केलं, तुह्यं नाव पाहून चालू करतीन.’

मी म्हटलं, दादा, ते खोटं आहे.

‘मले मालूम हाये.’

मग म्हणाला, ‘मी तुले कधी काही मागतलं का?’

नाही मागितलं. माझ्या होस्टेलचे पैसे भरताना त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं, हेही मला दुसऱ्यांकडून कळलं. तो जेवला नाही. पाच वाजताची गाडी धरून गेला.

२९ एप्रिल
दोन दिवस भिंग आणि तुकडा समोर ठेवून बसते. माझ्या आयुष्यात मी एक गोष्ट शोधली. तीसुद्धा मी शोधली म्हणायची सोय नाही, सुरुंगाने शोधली, मी नुसती ओळखली. पण ओळखली मीच. तेवढंच माझं.

२ मे
दिलं लिहून. ‘प्राथमिक निरीक्षणात माझ्याकडून चूक झाली असून सदर खनिज सामान्य प्रतीचे आहे.’ सामान्य प्रतीचे. नेहमीसारखी सही केली. नंतर बाजारात पैसे देऊन भाजी तिथेच ठेवून निघाले, भाजीवालीने विचारलं, बरं नाही का.

सरांना फोन करून नोट मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, ‘तपासणी माझ्या समोर झाली. ती काय खोटी पाडायची?’ मी म्हटलं, सर, छापू नका, एवढंच. म्हणाले, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ फोन ठेवला. पाण्याच्या बाटलीबद्दल विचारायचं राहिलं. परत फोन करायला तोंड नाही.

९ मे
कार्यालयात पुन्हा. त्याच बाई. या वेळी चहा नाही.

‘तुम्ही आधी आहे म्हणालात, आता नाही म्हणता. साहेब म्हणतात, यातलं खरं कुठलं धरायचं?’

माझा अर्ज त्यांनी आधीच्या कात्रणाला टाचला. दोन्ही माझ्याच नावाचे. फाइल वर गेली म्हणाल्या. वर म्हणजे कुठे, विचारलं तर छताकडे बघितलं.

म्हणजे दगडही गेला, विहीरही गेली, आणि माझ्या शब्दाला जी काय किंमत होती तीही. दादाला कळवलं. ‘बरं,’ म्हणाला.

१३ मे
काल बुद्ध पौर्णिमा, गेले नाही. ताप सांगितला. ताप नव्हता.

कॉलेजात कळलं, पुढच्या वर्षी विषय बंद. जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

२० मे
सरांच्या लॅबमधल्या मुलीचा मेसेज. सुटा भाग आलाय, यंत्र लागलं की तुमची बाटली घेते मॅडम. म्हणजे सरांनी बाटली टाकून दिली नव्हती. त्यांच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आकडा जास्त निघाला तर? दादाला सांगायचं? तो म्हणेल, पुन्हा आहे म्हणायला लागली. आणि कमी निघाला तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार आहे? पण खरी भीती पहिल्या शक्यतेचीच. हे मी इथे सोडून कुठेच लिहू शकत नाही. खात्री आहे, खात्री आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. खात्री असलेल्या माणसाला निकालाची भीती वाटत नाही.

२५ मे, रवि.
गावी जाऊन आले. दादा शेतात होता, की मी येणार म्हणून गेला, माहीत नाही. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. वस्तीच्या तोंडाशी नळाखाली रिकाम्या ड्रमांची रांग, शेवंताबाई पदराने वारा घेत बसलेली. म्हणाली, नळ आला नाही गेल्या आठवड्यापासून, टाकीची मोटर जळली. टँकर कधी येतो, कधी येत नाही.

विहिरीवर फळ्या टाकल्यात. त्यातली एक सरकलेली, आणि कठड्यावर दोराचा ओला वळ. मी फळीला हात लावला नाही.

घरी वहिनी एकटी. बाज सावलीत ओढली, बसा म्हणाली. ‘त्यायचा राग हाये तुमच्यावर, पन तुमचं नाव निघालं का डोळे पुसते.’ मग आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. दुपारची चालून आलेली मी, घसा कोरडा पडला होता. तांब्या हातात घेतला. बाहेरून दव धरलेला, गार.

ओठांपर्यंत नेला आणि हात थांबला. अगदी क्षणभर. ज्या पाण्यासाठी मी लेखी खोटं बोलले, ते. वहिनीची नजर माझ्या हातावरच होती.

‘नळाचं हाये, ताई,’ ती म्हणाली. ‘प्या.’

मी प्याले, सगळं. तिने रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली, आणि मी निघेपर्यंत आमच्यात पावसापाण्याखेरीज काही बोलणं झालं नाही.